आईच्या लुगड्याचे धागे

सोपानदादा,

तुझ्याकडनं आणलेलं गोधड्या शिवायचं लांब गळ्याचं मशीन बावड्याला नीट पोचलं. नवं घ्यायची ऐपत न्हाय, म्हणून बारामतीला तुझ्याच दारात आले. "घरचंच हाय, डोळं झाकून ने," म्हणालास. तुझा गोधड्यांचा धंदा बसला, याचं मला वाईटच वाटलं व्हतं.

आज तेल घालायला खालचं झाकण उघडलं. आत भुसकट साचलेलं, अन् त्यात हिरवं-तांबडं धागं. आईच्या इरकली लुगड्याचं. त्याच पदराखाली झोपून मी मोठी झाले, मला सांगायला नको.

आईच्या लुगड्याची गोधडी लेकीला जाती, ही आपल्या घरची रीत. आईच्या तेराव्याला मी एकच लुगडं मागितलं. तू डोळ्यात पाणी आणून म्हणालास, "सगळी तिच्यासंगं चितेवर घातली गं." मीच तुझी समजूत काढली, दादा!

तिच्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून कुणाला विकल्यास? कोण पांघरतंय आईला?

हे पत्र धाडत न्हाय. धाडलं तर भाऊबीजेला यायचा न्हाईस. तू ये. तेच धागं आत भरून एक गोधडी शिवती हाय. तिच्यावर बसवूनच तुला ओवाळीन. बघू, टोचतंय का.

आईची छकुली