माझ्या जागरणात भाषण होणार नाही

मी, एर्मोहेनेस आबानिल्या थोरला, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार सान एलादिओ, या गावचा नऊ वर्षे महापौर आणि त्यानंतर तीन वर्षे खासदार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. ‘शुद्धीत’ हा शब्द इथे केवळ रिवाज म्हणून आलेला नाही. माझा मुलगा गेली दोन वर्षे व्यासपीठावरून सांगत फिरतो, “बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, त्यांना विश्रांती द्या.” विश्रांती घेणारच आहे. त्याआधी हे लिहून ठेवतो.

१. राहते घर आणि मागची नारळाची बाग मुलगी लुर्देस हिला मिळावी. ती जेद्दाला नर्स आहे. दर रविवारी फोन करते आणि “काय जेवलात?” याखेरीज काही विचारत नाही. आयुष्य राजकारणी माणसांत गेल्यावर या प्रश्नाची किंमत कळते.

२. मुलगा एर्मोहेनेस धाकटा, ज्याला सगळे शहर जुन म्हणते, तो आजचा महापौर. कायद्याने द्यावेच लागते तेवढे त्याला मिळेल, वर एक खिळाही नाही. पूर्ण बेदखल करता येईल का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, बापाला वेडा म्हटलं एवढ्यावर कोर्टात टिकणार नाही.” मग दिलेले नाव तरी परत घेता येते का? वकील हसले. मला हसू आले नाही.

कारण तो जिंकला तो माझ्या नावावर. आमच्याकडे सलग तीन मुदती झाल्या की महापौराला उतरावे लागते. मी उतरलो, संसदेत गेलो आणि खुर्ची जुनकडे दिली. म्हटले, “एक मुदत उबदार ठेव.” म्हणाला, “तुमचीच आहे हो बाबा, मी नुसता बसतो.” मी मनिलात एकेका खासदाराचे उंबरे झिजवले, या गावाला शहराचा दर्जा देणारा कायदा मंजूर करून आणला. परत आलो, तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या बेताला, जुनने माझ्याविरुद्ध अर्ज भरला. बसथांब्यांवर, बास्केटबॉलच्या मैदानांवर, रुग्णवाहिकेवर माझे नाव होते, आणि तेच त्याचेही होते. प्रचाराला त्याला रंगाचा डबासुद्धा आणावा लागला नाही. मी पडलो. विजयाची मिरवणूक त्याने माझ्याच दारावरून नेली. त्याची आई पासिता हे बघायला नव्हती, एवढेच बरे झाले.

३. पहिल्या प्रचारातला हातभोंगा एंग्रासिया बुएनाफ्लोर हिला द्यायचा होता. ती माझी जन्माची विरोधक. चार वेळा माझ्याविरुद्ध उभी राहिली, चारही वेळा पडली आणि दर वेळी हात मिळवायला आली. पण ती या कागदाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. तेव्हा तिला नुसतीच माझी शवपेटी सांभाळायला देतो. भोंगा मोडीत घालावा.

४. आता मुख्य गोष्ट. येत्या मे महिन्यात निवडणूक आहे. डॉक्टर नाताळच्या पलीकडचे काही बोलत नाहीत. म्हणजे माझे जागरण, दफनापर्यंत पेटीजवळ लोक रात्री जागतात ते, ऐन प्रचाराच्या तोंडावर होणार, आणि हा हिशेब जुनलाही येतो. हा धंदा त्याने माझ्याकडेच पाहिला. जिथे मयत तिथे संध्याकाळी मी हजर: आल्याचा चहा, बिस्किटे, पत्त्यांच्या टेबलाशी एखादा डाव, पेटीजवळ दोन शब्द. पण मी निदान परक्यांच्या पेट्यांजवळ बोललो. मागच्या महिन्यात जुन मला बघायला आला तो फोटोवाला घेऊन. “बाबा, जरा इकडे बघा ना.” मी भिंतीकडे बघत राहिलो.

म्हणून माझी पेटी नगरभवनात ठेवू नये आणि माझ्या घरीही ठेवू नये. दफन होईपर्यंत ती एंग्रासियाच्या अंगणात राहावी. तिच्या कुंपणावर जुनचा फलक लावायची कोणाची छाती नाही. शहरातल्या निम्म्या लग्नांत मी नवरा-नवरीचा धर्मपिता म्हणून उभा होतो, त्या मुलांनी खांदा द्यावा. मत कोणाला दिलेत ते मला ठाऊक आहे. खांदा तरी सरळ द्या.

थडग्यावर माझे नाव घालू नये. तिथेही ते जुनचाच प्रचार करील. ‘पासिताचा नवरा’ एवढेच पुरे.

५. हे शेवटचे कलम आज वाढवले आहे. वरचे सगळे वाचून दाखवल्यावर एंग्रासिया उसळून म्हणाली, “येऊ दे तर खरं त्याला! कॉलर धरून मी स्वतः फाटकाबाहेर सोडून येते.”

एंग्रासिया, तेवढे करू नकोस. फोटोवाल्याला हाकल. जुनला अंगणात उभा करून हव्या तेवढ्या शिव्या घाल. भाषण सुरू केलेच, तर तुझ्या घरच्या पोरींना पातेली बडवायला सांग. पण तो जायला निघाला की जागची हलू नकोस, आणि दुसऱ्या कोणालाही उठू देऊ नकोस. जागरणाच्या घरून निघालेल्या माणसाला फाटकापर्यंत पोचवले, तर पुढचे मरण त्याच्या पाठी लागते, असे आपल्यात मानतात. मी हयातभर हे थोतांड म्हणत आलो. पासिता मानायची. जुनच्या बाबतीत मला खात्री करून बघायची नाही.

मजकूर वाचला, समजला, कबूल आहे.

(सही) एर्मोहेनेस आबानिल्या, थोरला
सान एलादिओ, २ नोव्हेंबर २०१८

साक्षीदार:
फेलिसिस्मो ओर्तालेझ, शेजारी
दिओस्दादो काबांतिंग, न्हावी
एंग्रासिया बुएनाफ्लोर. शिव्या घालीन. फाटकापर्यंत जाणार नाही.