फोडणीत गेलेलं प्रार्थनेचं तेल

चंचल,

माणसाला देवाची गरज नाही, हे मी पस्तीस वर्षं विनोदी लेख लिहून सिद्ध केलं. आज सकाळी मीच प्रार्थनेच्या तेलात पोह्यांची फोडणी घातली. बाटलीवर क्रॉस होता, मला वाटलं कंपनीचं चिन्ह असेल.

तुझ्या मम्मीला कळू नये म्हणून बाटलीत घरचं शेंगदाण्याचं तेल भरलं. तिने तेच चेतनच्या पायांना चोळलं, येशूचं नाव घेतलं आणि कामावर गेली. पायांत जोर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांनाही सांगितलंय; ऐकलं फक्त आपण दोघांनी.

चोळून झालं की चेतन रोज शांत झोपतो. आज झोपला नाही. म्हणाला, "पप्पा, तेलाचा वास वेगळा आहे. मम्मीला नका सांगू, ती रडेल." पोराचे पाय गेले, नाक मात्र शाबूत आहे.

म्हणून बाटली घेऊन पास्टर लोटूभाऊंकडे चाललोय. ते तेलावर प्रार्थना करतील, पण आधी मलाही गुडघे टेकायला लावतील. टेकीन.

तू चेतनजवळ बस. आणि माझं गुडघेदुखीचं मलम कुठे आहे ते शोधून ठेव.

पप्पा