ओढ्याकाठची पट्टी

३ मार्च
करारावर सही झाली. ओढ्याकाठची पट्टी वर्षभर नांगरायची नाही, गवत वाढू द्यायचं, माती पाण्यात जाऊ द्यायची नाही. त्याबद्दल सरकार अनुदान देणार. बाबांची अट: पहिल्या तपासणीत पास झालीस तर पट्टी कायमची तुझी, नाहीतर दादा नांगर घालणार. दादा म्हणाला, इंजिनिअरबाई, गवत उगवायला डिग्री लागते होय? आमचं तर न सांगता उगवतं. मी माती शिकले आहे, भांडण नाही.

१९ मार्च
बी पेरलं. दादा ट्रॅक्टर वळवताना पट्टीत चाक घालतो का, यावर लक्ष हवं. रोज सकाळी जीपने एक फेरी. हा संशय नाही. याला मॉनिटरिंग म्हणतात.

११ एप्रिल
गवत घोट्यापर्यंत. दादा ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा. नुसता उभा. विचारलं तर म्हणाला, चहा पितोय, त्यालाही परवानगी काढू का? संध्याकाळचीही फेरी सुरू केली.

६ मे
पकडला! पट्टीच्या मधोमध दोन समांतर चाकोऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गवत आडवं, माती दबलेली. जेवताना विचारलं. दादा म्हणाला, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. आई म्हणाली, ताटावर तरी भांडू नका. मी भांडत नव्हते. पुरावा मांडत होते.

८ मे
चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं. ट्रॅक्टरशी जुळत नाही. म्हणजे दादाने कुणाची तरी गाडी मागून आणली. चोर तो चोर, वर शिरजोर. आता दुपारीही फेरी.

२ जून
चाकोऱ्या आणखी खोल. त्यांत गवताची काडी नाही. इतकं लक्ष ठेवूनही! मी गेले की लगेच येत असणार. बाबांना सांगितलं. बाबांनी जीपकडे बघितलं आणि आत निघून गेले. मुलाला पाठीशी घालायची जुनी सवय.

१७ जून
उद्या तपासणी. चाकोऱ्या मीच दाखवणार. फोटो, मापं तयार. घरचा माणूस म्हणून गय नाही.

१८ जून
निरीक्षकबाईंना जीपमधून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. चाकं चाकोरीत आपोआप बसली, स्टीअरिंग धरावंही लागलं नाही. मी दादाबद्दल सांगत होते. बाईंनी मध्येच विचारलं, तुम्ही इथूनच रोज येता का? म्हटलं, दिवसातून तीनदा, एकदाही खाडा नाही. त्यांनी लिहून घेतलं: पट्टीचा रस्ता म्हणून वापर. नापास.
दादा बांधावर होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२१ जून
दादाने पट्टीत नांगर घातला. फाळ तुटला. ओरडतच घरात आला: सगळं रान लोण्यासारखं, तुझा हमरस्ता तेवढा दगड! माती किती दबली हे मोजायचं उपकरण माझ्या खोलीत आहे. मोजणार नाही.
बाबांनी जीपची किल्ली मागितली. दिली. राग नाही.
उद्या पायी जाईन. नवा फाळ तरी नीट बसवतो का, कुणीतरी बघायला हवं.