मंगळवारची यादी

येरवडा,
रविवार, १० मार्च २०१९

प्रिय नजमा,

आधी माझ्या मागच्या पत्रातली चूक. वीस फेब्रुवारीला मी तुला लिहिलं, की आमच्या रुग्णालयातली बदली पाळीची यादी त्या बुधवारी सकाळपासून बरोबर होती आणि काउंटरवरच्या दिगंबरने ती पाहिलीच नाही. मी ती यादी पाहिली साडेअकराला. सात वाजता ती कशी होती, हे मला माहीत नव्हतं. तरी ‘सकाळपासून’ असं लिहून मोकळी झाले. त्या शब्दावर रेघ मार.

रेघ म्हटलं की माझे बाबा आठवतात ना? शाळेत जाण्याआधी आपल्या दोघींना त्यांनीच अक्षरं शिकवली, स्वारगेट डेपोतून आणलेल्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर. खोडरबर दिसला की म्हणायचे, “हे काय, डोकं खाजवायला आणलंय?” चुकलेल्यावर एकच आडवी रेघ, शेजारी खरं, खाली सही. डेपोच्या नोंदवहीत तसंच चालतं, म्हणून घरीही तसंच. तू सहीऐवजी फूल काढायचीस.

तुझ्या अब्बांची, म्हणजे माझ्या चाचांची, डायलिसिसची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या मंगळवारी घरात लग्न होतं, म्हणून चाचांनी आठवडाभर आधी सांगून ती बुधवारवर घेतली होती. अशी बदललेली नावं वेगळ्या यादीत येतात. यादी उघडली की आमचा सर्व्हर माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारतो: आज कोणाची पाळी बदलली आहे? हा प्रश्न दर वेळी नव्याने जुळवावा लागे, आणि सकाळच्या गर्दीत पडदा अडकून बसे. म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी सर्व्हरला सांगितलं, की एकदा जुळवलेला प्रश्न टाकून देऊ नकोस, जपून ठेव, पुढे तोच वापर. कामं झपाट्याने होऊ लागली. हिंदुराव सरांनी, आमच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी, स्वतःहून चहा मागवला.

जपलेल्या प्रश्नात तारखेची जागा रिकामी सोडायची असते, म्हणजे रोज त्या दिवसाची तारीख भरली जाते. बाकी सगळ्या प्रश्नांत मी ती सोडली होती. या एकात ‘आज’ची तारीख आतच गोठली. मी करून पाहिलं नव्हतं असं नाही, पण चाचणीचं यंत्र रोज संध्याकाळी बंद होतं, जपलेलं सगळं पुसलं जातं आणि सकाळी ते निर्दोष उठतं. खरा सर्व्हर बंद होत नाही, हे मला माहीत होतं. त्याचा विचार मात्र केला नाही.

म्हणजे बुधवारी सातला दिगंबरसमोर मंगळवारची यादी होती. रिकामी. त्याने पडदा चाचांकडे वळवूनही दाखवला, पण चाचांचा चष्मा घरी होता. तो म्हणाला, “नाव नाही चाचा, उद्या तुमची नेहमीची पाळी आहेच.” काउंटरवर पाटीच आहे: ‘वाद यादीशी घालावा, आमच्याशी नाही.’ चाचा वाद घालणाऱ्यांतले नाहीत. शनिवारनंतर रक्त शुद्ध झालं नव्हतं. संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना, आणि पुढचे सहा दिवस तू अतिदक्षता विभागाबाहेर काढलेस. सव्वाअकराला मी भलत्याच कामासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला होता. जपलेला प्रश्न पुसला गेला, यादी आपोआप दुरुस्त झाली, आणि दिगंबर खोटा ठरला. तुझ्या तक्रारीवर चौकशी समिती बसली आणि त्याला कामावरून थांबवलं.

एक मार्चला मी चाचणीचं यंत्र दोन दिवस चालू ठेवलं, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “अहो, सर्व्हर कबुलीजबाब देत नाही, तुम्हाला कसली घाई? दिगंबर कंत्राटीच होता.” मी जागेवर जाऊन बसले. नऊ दिवस गप्प आहे. आमटीत मीठ किती घातलं हे तीनदा तपासणारी मी. तूच हसायचीस.

परवा स्वारगेटला दिगंबर भेटला. कर्वेनगरला एका दुकानात लागलाय, निकाल लागेपर्यंत. म्हणाला, “मॅडम, यादी खरंच रिकामी होती हो. निदान मला वेड लागलेलं नाही, एवढं तरी म्हणा.” मी म्हटलं, माझी बस आली, आणि चढले. ती हडपसरची होती.

नजमा, तुझ्या तक्रारीला माझं मागचं पत्र जोडलेलं आहे. त्याच्याच आधारावर समिती दिगंबरला कायमचं काढणार. ते पत्र मागे घेऊ नकोस, फाडू नकोस. हे त्याच्या शेजारी लाव. प्रत्येक पानावर माझी सही आहे. मिरजेहून तुला येता आलं नाही तरी पत्र समितीच्या पत्त्यावर पाठव. तुझ्या हातात हे असलं, की मला पुन्हा भलत्या बसमध्ये चढता येणार नाही. चाचांना मी आज दुपारी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “त्या पोराला सांगितलंस का?” अजून नाही. त्याला समितीच्या दारात भेटेन आणि त्याच्याबरोबरच आत जाईन, गुरुवारी, चौदा मार्चला, सकाळी अकरा वाजता.

तुझीच, जमलं तर अजूनही,
वैजू