ओल सांगणारा खांब

नांदेड, ४ एप्रिल २०२२

चि. हणमंतास,
अ. उ. आ.

मी कॉन्व्हेंटच्या सुट्टीत रेणापूरला आले की आपण विहिरीच्या काठावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसायचो, आणि तू हळूच माझ्या पांढऱ्या मोज्यांना चिखलाची बोटं पुसायचास. काल मोजे वाळत घालताना एकटीच हसले.

आता कामाचं. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते. माझ्या वाटणीच्या दोन एकरांत लातूरच्या एका क्लासवाल्याला मुलांचं वसतिगृह बांधायचंय. अक्षय तृतीयेपर्यंत उत्तर हवंय. भूकंपानंतर आपल्या विहिरीत उन्हाळ्याचं पाणी टिकलंच नाही. अशा रानात तू या वयात किती राबणार? विकून टाकावं म्हणते. तुझ्या रुद्राणीने तिथे कसलासा खांब पुरलाय आणि तू त्याला विचारून उसाला पाणी देतोस, असं ऐकलं. लेकीच्या हौसेपायी ऊस वाळवू नकोस, बाबा.

भांडलास तरी माया तेवढीच आहे.
चंद्रप्रभाताई

रेणापूर, २० एप्रिल २०२२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लपवत नाही, तुझा ऊस वाळायलाच लागला होता. रुद्राणी परीक्षेसाठी लातूरला होती. खांबाचा निरोप तिच्या मोबाइलवर येतो. ती तिथून रोज सांगायची की मुळाशी भरपूर ओल आहे, ठिबक बंदच ठेवा. मी ठेवलं. आठ दिवसांत पानांची सुरळी झाली. शेजारचा गुरुबसप्पा बांधावरून टोचायचा की पाटील, भाकर खायची का न्हाई तेबी खांबालाच इचारा. मी खांब उपटणारच होतो.

तेवढ्यात पोरगी आली आणि खांबाचं हळदकुंकू बघून तिनं कपाळाला हात लावला. तुझी भावजय कस्तुरा रोज सकाळी पूजा करून त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालत होती! वर मलाच म्हणाली की जो रानाची राखण करतो, त्याला कोरडा कसा ठेवायचा?

ताई, त्र्याण्णव साली एवढी जमीन हलली, पण तिच्या पोटात काय चाललंय ते आदल्या दिवशी कुणाला कळलं नव्हतं. आणि हा हातभर खांब तांब्याभर पाणी ओळखतो! खोटं तो बोललाच नव्हता. तांब्याचं पाणी थांबवून ठिबक सुरू केलं, चार दिवसांत ऊस सरळ झाला. खांब बसवल्यापासून निम्म्या पाण्यात भागतंय. आज विहिरीत दोन पुरुष खोल पाणी आहे. गुरुबसप्पा डोकावून गेला, आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आला की असा खांब मिळतो कुठं.

जमीन तुझी, विकणं तुझ्या हातात. पण आधी येऊन बघून जा. धाकट्यावर राग धरू नकोस.
हणमंत

नांदेड, २९ एप्रिल २०२२

चि. हणमंतास,
अ. उ. आ.

रेणापूरहून सुखरूप पोचले. विहिरीत वाकले ती मी हाक मारूनही हटले नाही, तेव्हा तुला वाटलं मी रागावले. अरे, ऐन उन्हाळ्यात त्या पाण्यात माझा चेहरा दिसला, एकोणतीस वर्षांनी! मग रुद्राणीने मोबाइल हातात दिला. पायाखाली वीतभर खोल किती ओल आहे, हातभर खोल किती, सगळं समोर. देवळात उभं राहावं तशी मी चपला काढून उभी होते. डॉक्टरकीचे क्लास सोडून शेतकी घेतली म्हणून या मुलीला मी काय काय बोलले होते!

क्लासवाल्याला आजच नकार कळवला. आता नीट वाच. सोबतची इरकल साडी कस्तुराला. चष्म्याची नवी दोरी तुला, जुनी टाकून दे. गुरुबसप्पाला खांबाची सगळी माहिती द्यायची, टोमणे न मारता. आणि ते दोन एकर रुद्राणीला. माझ्यामागे नव्हे, आत्ताच, आणि लग्न झालं तरी तिचेच. कागद करून ठेव, मी सहीला येते.

सर्वांना मायेने जवळ घेते.
तुझी ताई