पिस्तुलाची आंघोळ

१२ सप्टेंबर, शुक्रवार
प्रॅक्टिसला पिस्तूल पुन्हा अडकलं. कोच नंदकुमार म्हणाले, आत काजळी साचलीय, रेंजवरच्या कारागिराकडे द्या. देणार नाही. माणिक देते. येत्या रविवारी नाही, त्यापुढच्या रविवारी सीनियर महिला टीमची निवड. शेवटची एकच जागा, एक तर तिची, नाही तर माझी. कॉलेजात एनसीसीची रायफल मी डोळे मिटून खोलायचे.

१५ सप्टेंबर, सोमवार
अल्ट्रासॉनिक क्लीनर आला, पाणी थरथरवून मळ काढणारं यंत्र. आहे चष्मे-दागिन्यांसाठी, पण धातू तो धातू. मॅगझिन काढलं, आत गोळी नाही हे पाहिलं, पुन्हा पाहिलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. लाकडी मूठ बाजूला. नवरा, देवव्रत, विचारत होता, पेट्रोल ओतू का? वाफ पेटेल हे समजावून त्याला भाजीला पिटाळलं. घरात एकाला तरी अक्कल हवी.

१६ सप्टेंबर, मंगळवार
बंदुकीचं खास लिक्विडच वापरा, असं कोचनी बजावलंय. ते कुरिअरने गुरुवारी येणार. बसवेना. देवाची भांडी चिंचेने लखलखतात, मग पोलादाला काय धाड भरलीय? चिंचेचं पाणी गाळून यंत्रात घातलं. भाग चांदीसारखे निघाले. पाणी काळंकुट्ट. केवढा तो मळ!

१७ सप्टेंबर, बुधवार
माणिकला फोटो पाठवला. लगेच फोन. ‘अगं बाई, तो मळ नव्हता, पोलादावरचा काळा मुलामा होता. निदान तेल तरी लावलंस ना?’ म्हटलं, एवढं स्वच्छ करून परत चिकट कशाला करू? जळते मेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
भागांवर नारिंगी झाक. मुलुंडची हवाच दमट, यंत्राचा दोष नाही. आज तेल लावलं. झाक जास्तच उठून दिसतेय. सारखी उठून बघतेय. देवव्रत म्हणतो, बघून गंज जात नाही. त्याला कोणी विचारलं?

२१ सप्टेंबर, रविवार
निवडीआधीच्या तपासणीत पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड अर्ध्यावर अडकली. नंदकुमारांनी पिस्तूल उलटसुलट केलं आणि म्हणाले, ‘मॅडम, हे चालवायचं नाही.’ माणिकने हळूच आपलं पुढे केलं. ‘घे गं. तुझी पाळी माझ्या आधी आहे.’ दुसऱ्याच्या पिस्तुलावर माझा नेम बसत नाही, असं सांगितलं. कधी चालवून पाहिलेलं नाही.

माणिक टीममध्ये गेली. फोटो काढायला मोबाइल माझ्याकडे दिला. हात जराही हलला नाही.