बाबांच्या गोळ्या

प्रिय धाकट्या,

काल कामावर कवळीच्या साच्यात मेण ओतत होते, तेवढ्यात टीव्हीवर तू दिसलास. कोट छान दिसत होता तुला. घरच्यांनी अर्ज केला तर आजारी माणसाची बंदूक काढून घेता येईल, असा कायदा येऊ घातलाय आणि तू त्याच्या विरोधात बोलत होतास. म्हणालास, "एखाद्या घरात दुर्दैवी अपघात झाला म्हणून लाखो शहाण्यासुरत्या माणसांचा हक्क काढून घ्यायचा का?" कार्यक्रमातल्या बाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ते घर तुझंच आहे, हे त्यांना कुठे ठाऊक?

बोलण्यात तू लहानपणापासून कुणाला हार गेला नाहीस. म्हणून तर वकील झालास. बाबा शेजाऱ्यांना ओळखेनासे झाले, चपला फ्रिजमध्ये ठेवू लागले, तेव्हा मी तुला म्हटलं होतं, त्यांची बंदूक तेवढी घेऊन जा. तू म्हणालास, तीस वर्षं बँकेच्या दारावर पहारा केलेला माणूस, ती काढून घेतली तर त्याच्याकडे उरेल काय? आपल्या डॉक्टरांनी परवान्याच्या दाखल्यावर सही करायला नकार दिला. तू ओळखीचा दुसरा गाठलास. त्याने बाबांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. मग रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात आणि बंदुकीच्या गोळ्या पिठाच्या डब्यात, असा माझा संसार सुरू झाला. बाबा दिवसभर घर उलथंपालथं करायचे, रडायचे. शेवटी त्यांनी तुला फोन लावला आणि तू मला सुनावलंस, "ताई, माणसाला त्याच्याच घरात चोरासारखं वागवू नकोस." आईही म्हणाली, दे बाई, त्यांच्या जिवाला शांतता मिळू दे. मी पीठ झटकून गोळ्या बाबांच्या हातावर ठेवल्या. तेवढं पाप माझं, ते मी नाकारत नाही.

पुढचं तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही. आई दोरीवरचे कपडे काढून मागच्या दाराने आत आली. हातात एवढा ढीग की तोंड दिसलं नसणार. खुर्चीत डुलकी घेणारे बाबा दार वाजल्यावर उठले. मी कामावरून आले तेव्हा ते बंदूक घेऊन, खाली पडलेल्या आईजवळ ताठ उभे होते, ड्युटीवर असल्यासारखे. म्हणाले, "चोर पकडलाय. तुझ्या आईला सांग, घाबरू नको." ती तासभर जिवंत होती, धाकट्या. डॉक्टरांच्या अहवालात तसं लिहिलंय. तो तासभर बाबा तिच्यावर पहारा देत होते.

कोर्टात तू बाबांची बाजू छान मांडलीस. म्हणून ते तुरुंगाऐवजी माझ्याकडे आले. जेवायला बसले की रोज विचारतात, तुमची आई कुठाय? पहिले पंधरा दिवस मी खरं सांगितलं. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळायचे. मग मी सांगायला लागले, धाकट्याकडे गेलीय. तेव्हापासून त्यांनी तुझ्याकडे यायचा हट्ट धरलाय. सोमवारी सकाळी त्यांना तुझ्या दारात आणून सोडणार आहे, परत न्यायला येणार नाही. आत येताच ते आईला हाक मारतील, खोल्याखोल्यांतून शोधतील आणि मग तुझ्याकडे वळतील. तुला बोलता येतं. काय सांगायचं ते तू सांग.

तुझीच,
ताई